चार नंबरच्या बाई

१२ जानेवारी

धाकट्या,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच टाकून देशील, म्हणून वरचा पत्ता तुझ्या दाजींकडून लिहून घेतलाय. तू त्यांना कधी दाजी म्हटलं नाहीस, पण त्यांचं अक्षर तुला माहीत नाही, हा त्यातल्या त्यात फायदा. फोन करून पाहिला होता. तुझा फोन साऱ्या जगाला लागतो, मला लागत नाही. म्हणजे अजून तू मला बंद करून ठेवलंयस. ठेव बापडा. मी भांडायला लिहीत नाहीये.

काम बाबांचं आहे. त्यांच्या कॉम्प्युटरवर बायबल अभ्यासाचं जे सॉफ्टवेअर आहे ते सारखं बिघडतंय. मूळ प्रोग्रॅम चालतो, पण त्याला जोडायच्या ज्या वेगळ्या फायली असतात ना, अ‍ॅड-ऑन म्हणतात त्यांना, शब्दकोश, नकाशे, टीकाग्रंथ वगैरे, त्या एकेक करून खराब होतायत. एरवी मी तुला एवढ्यासाठी पत्र लिहिलं नसतं. पण त्याच फायलींमध्ये बाबांचं स्वतःचं भाष्य आहे. चर्चचे पाळक म्हणून उभ्या आयुष्यात केलेले उपदेश त्यांनी निवृत्तीनंतर एका बोटाने टाईप केले, एकेका वचनाला जोडले आणि त्याची अ‍ॅड-ऑन फाईल केली. तेवढंच आता त्यांचं राज्य आहे.

तू त्यांना दर आठवड्याला फोन करतोस. हवापाणी विचारतोस, तब्येत विचारतोस, ते ठणठणीत म्हणतात, तू ठेवून देतोस. या खेपेला जरा वेगळं विचार. कोणती फाईल उघडत नाही ते विचार, आणि काल दुपारी काय जेवलात ते विचार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐक.

जमलं तर येऊनच जा. मला हे सगळं कुठून कळलं ते विचारू नकोस. कळलं, एवढं पुरे.

— ताई


२९ जानेवारी

धाकट्या,

उत्तर आलं याचाच मला आनंद झाला, मग त्यात काय लिहिलंय ते वाचलं. "तुला कोण बातम्या पुरवतं? त्या घराशी तुझा आता काय संबंध?" एवढ्या लांबून तिकीट लावून दोन वाक्यं पाठवलीस. बाबांचाच मुलगा शोभतोस.

बरं, सांगते. मला कोणी बातम्या पुरवत नाही. मला स्वतः बाबाच सांगतात.

थांब, पत्र चुरगाळू नकोस. त्यांनी माझ्या लग्नाचा दाखला व्यासपीठावरून भर उपासनेत दिला, परधर्मातल्या माणसाबरोबर गेलेली लेक ती आपली नव्हे असं सांगितलं, आणि मी घराबाहेर पडले. मग मला नोकरी कुठे मिळावी? बायबलचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत. हसू नकोस, मीही पहिल्या दिवशी हसले होते. लहानपणापासून वचनं पाठ, त्यामुळे मुलाखतीत त्यांनी विचारलेलं सगळं मला येत होतं. मी मदत केंद्रात बसते. लोकांचं काही अडलं की ते फोन करतात. आम्हाला आमची नावं सांगायची परवानगी नाही, टेबलाचा नंबर सांगायचा. माझं टेबल चौथं, खिडकीजवळचं, जिथे दुपारी ऊन थेट पडद्यावर येतं आणि काही दिसत नाही.

नोव्हेंबरात एक फोन आला. पलीकडच्या माणसाने बोलण्याआधी घसा साफ केला, आणि मला कळलं. तू आणि मी त्या आवाजावर पुस्तकं मिटून सरळ बसायचो. मी काय करायला हवं होतं, सांग. फोन शेजारच्या टेबलाला देता आला असता. नातेवाइकांचं काम स्वतः करू नये असा आमच्याकडे नियमही आहे. मी म्हणाले, "मदत केंद्र, टेबल चार, बोला." ते बोलले. त्यांनी ओळखलं नाही. मी कामावर जशी बोलते तशी घरी कधीच बोलले नाही, हे खरं, आणि त्यांना आता कमी ऐकू येतं हेही खरं. तरी फोन ठेवल्यावर मी स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून उभी राहिले. आमच्या वरच्या बाई, ज्यांना आम्ही मागून घड्याळबाई म्हणतो, त्यांनी किती वेळ लागला म्हणून विचारलंच.

त्यांचा शब्दकोश उघडत नव्हता. फाईल खराब आहे किंवा ओळखता येत नाही, अशी पाटी यायची. याला आमची ठरलेली रीत आहे. प्रोग्रॅम बंद करायचा, सगळी अ‍ॅड-ऑनं फोल्डरमधून बाहेर काढायची, प्रोग्रॅम रिकामा उघडायचा, आणि मग एकेक फाईल आत ठेवत जायची. जी ठेवल्यावर तो कुरकुरतो ती नासकी. बाबांनी हे सगळं इतकं मन लावून केलं की बघत राहावं. प्रत्येक फाईल ठेवताना तिचं नाव मोठ्याने वाचायचे, जणू मंडळीची हजेरी घेतायत.

शब्दकोशच नासका निघाला. त्यांच्या परवानगीने मी इथून त्यांचा पडदा उघडून पाहिला, तर ती फाईल साध्या लिहायच्या प्रोग्रॅममध्ये उघडून परत सेव्ह केलेली. असं केलं की फाईल मेलीच, कारण ती कागदासारखी नसते, तिच्या आत सगळं बांधकाम असतं. मी विचारलं, तुम्ही ही कशाने उघडलीत? ते म्हणाले, कोशकाराने एका शब्दाचा अर्थ चुकीचा दिला होता, तो मी सुधारला. धाकट्या, अशी फाईल उघडली की नुसत्या चौकटी आणि प्रश्नचिन्हं दिसतात, पानंच्या पानं. त्यातून त्यांनी तो एक शब्द हुडकून काढला होता. मी म्हटलं, तुम्हाला त्यात वाचता कसं आलं? तर म्हणे, जुनी हस्तलिखितं याहून वाईट असायची, बाई.

मी फाईल नव्याने उतरवून दिली. हसत होते ते. मीही हसले. इतक्या वर्षांनी आम्ही दोघं एकाच गोष्टीला हसलो आणि त्यातल्या एकालाच ते माहीत होतं.

तेव्हापासून ते चार नंबरच्या बाईच मागतात. दुसऱ्या कोणी उचलला तर ठेवून देतात. आता कळलं कुठून कळतं ते?

— ताई


२० फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र नाही. म्हणजे रागावलायस. मी तरी लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. तुझ्या दाजींना सांगितलं, ते म्हणाले, फोनवर सांगून टाक ना तू कोण ते. त्यांना सगळं सरळ वाटतं. त्यांचे वडील त्यांच्याशी कधी भांडलेलेच नाहीत.

मी का सांगत नाही ते तुला तरी कळेल. सांगितलं की ते फोन ठेवतील, आणि मग तोही गेला. नुसत्या फायलींबद्दल का होईना, ते माझ्याशी बोलतात. त्यांच्या गुडघ्याचं सांगतात. तुझं सांगतात. तू मोठा साहेब झालायस म्हणे. मला मुलगी आहे असं एकदाही म्हणाले नाहीत. मी विचारलंही नाही.

पण मला जे सांगायचंय ते हे नाही.

डिसेंबरात तोच शब्दकोश पुन्हा मोडला. तसाच, त्याच शब्दापाशी. मी म्हटलं, तुम्ही परत सुधारलात का? ते म्हणाले, मी कशाला हात लावू, तुम्हीच सांगितलं होतं ना. मला वाटलं, लाजतायत. मग नकाशे मोडले. मग टीकाग्रंथ. दर वेळी तीच गोष्ट मला पहिल्यापासून सांगायचे, कोशकाराची चूक आणि जुनी हस्तलिखितं, त्याच शब्दांत, आणि त्याच जागी हसायचे. मीही हसायची. दुसऱ्यांदा हसताना जड गेलं.

आणि आता ते म्हणतात, कोणीतरी घरात येऊन हे करतंय. कोणीतरी म्हणजे नवे पाळक. तू त्यांना पाहिलं नाहीस, मीही नाही, पण बाबांच्या बोलण्यावरून ते नुकतेच आलेले तरुण गृहस्थ आहेत, शेजारीच राहतात आणि बाबांना संध्याकाळी डबा आणून देतात. बाबांचं म्हणणं, डबा हे निमित्त आहे. त्याला माझं भाष्य हवंय. चोरता येत नाही म्हणून बदलतोय.

गेल्या मंगळवारी त्यांनी भाष्य दाखवायला मला पडद्यावर बोलावलं. एका उपदेशावर बोट ठेवून म्हणाले, हे बघा, हे मी लिहिलेलं नाही. मी वाचलं. धाकट्या, तो त्यांचाच उपदेश होता. क्षमेवरचा. तू पुढच्या बाकावर झोपायचास आणि मी तुला चिमटे काढायची, त्या दिवसांतला. वाक्यन् वाक्य त्यांचं. मी म्हणाले, तुम्हीच लिहिलं असेल, जुनं आहे. तर म्हणाले, "मी इतकं मऊ कधीच बोललो नाही."

आणि मग, मी पडद्यावर असताना, माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी माउस हलवला. प्रोग्रॅम बंद केला. फोल्डरमध्ये गेले. भाष्याची फाईल लिहायच्या प्रोग्रॅममध्ये उघडली. चौकटींमधून तो उपदेश शोधला, त्यातल्या ओळी एकेक करून पुसल्या आणि सेव्ह केलं. मी इकडून थांबा थांबा म्हणत होते, पण कामात असले की त्यांना ऐकू येत नाही, तुला ठाऊक आहे. मग त्यांनी परत प्रोग्रॅम उघडला. पाटी आली, फाईल खराब आहे.

"बघा," ते म्हणाले. "परत मोडली. आता तुम्ही साक्षीदार आहात."

 मी म्हटलं, माझ्याकडे कालची प्रत आहे, ती ठेवते. प्रत होती, कारण गेल्या महिन्यापासून मी दर फोनला भाष्याची प्रत काढून इथे ठेवतेय, नियमात बसत नसलं तरी. फाईल पूर्ववत झाली. ते म्हणाले, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय.

तू विचारशील म्हणून सांगते, त्या भाष्यात माझ्याबद्दल काही लिहिलंय का ते मी पाहिलेलं नाही. शोधायच्या जागी माझं नाव टाकलं की लगेच कळेल. मी टाकत नाही. नसेल तर वाईट, आणि असेल तर त्याहून वाईट.

भाष्य मी परत परत वाचवीन. पण ते कोणी लिहिलं हे लिहिणाऱ्यालाच आठवेनासं झालंय, त्याची प्रत माझ्याकडे नाही. मला त्यांना सांगायचंय की मी कोण आहे, आणि माझ्या हातात वेळ कमी आहे. आज सांगितलं तर फोन ठेवतील. थांबले तर उद्या मुलगी म्हणजे कोण हेच त्यांना कळणार नाही. तू ये. तुझं ते ऐकतात. तू मध्ये उभा राहिलास तर कदाचित जमेल.

— ताई


१७ मार्च

धाकट्या,

"म्हातारपणी सगळ्यांनाच विसरायला होतं. तू राईचा पर्वत करतेस. आणि खोटं नाव सांगून म्हाताऱ्या माणसाशी बोलणं याला काय म्हणतात ते तूच ठरव."

हे तू मला लिहिलंस. तू. आईच्या मातीच्या दिवशी मी फाटकाबाहेर उभी होते आणि फाटकाची कडी तुझ्या हातात होती. बाबांनी तुला सांगितलं होतं, मान्य. तू लहान होतास, अर्धं मान्य. पण तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "आत कोणी नको, घरची माणसं आहेत." मी खोटं नाव सांगत नाही रे. मी नावच सांगत नाही. ते तुम्ही लोकांनी केव्हाच काढून घेतलंत, मी नुसता टेबलाचा नंबर सांगते.

हे लिहून मला बरं वाटलं. आता पुढचं वाच, कारण तू ज्याला राई म्हणालास ती आता भर मंडळीत सांडली आहे.

दोन रविवारांपूर्वी उपासना संपताना बाबा उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, नवे पाळक चोर आहेत. माझ्या घरात शिरून देवाच्या वचनावरचं माझं काम नासवतात. माझ्याकडे साक्षीदार आहे.  मंडळीच्या पंचांनी पाळकांना तीन दिवस व्यासपीठावर चढू नका म्हणून सांगितलं, कारण आरोप करणारा कोणी ऐरागैरा नव्हता. काहींना तो माणूस पहिल्यापासून नकोच होता, त्यांना आयतंच मिळालं. मग पंच बाबांच्या घरी जमले, पाळकांना बोलावलं, आणि बाबांनी आमच्या मदत केंद्राला फोन लावून तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

मला आधी यातलं काही माहीत नव्हतं, सगळं नंतर कळलं. मी म्हटलं, मदत केंद्र, टेबल चार, बोला. बाबा म्हणाले, बाई, इथे पंच बसलेत, हे पाळकही आहेत, तुम्ही जे पाहिलं ते सांगा. मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. कोणीतरी खोकलं. मला ती खोली दिसत होती, कपाट कुठे, खिडकी कुठे, सगळं, आणि त्या माणसांपैकी निम्म्यांना मी आवाजावरून ओळखत होते. पाळक फक्त एवढंच म्हणाले की, बाई, मी त्या कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही, पण तुम्हाला जे दिसलं असेल तेच सांगा. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

घड्याळबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी हेडफोनवर हात ठेवून त्यांना म्हटलं, हे माझे वडील आहेत. त्या लगेच बाजूची खुर्ची ओढून बसल्या.

मी काय सांगणार होते? खोटं बोलले असते तर एका भल्या माणसाची भाकरी गेली असती. मला दिसलं नाही म्हटलं असतं तर बाबा खोटे ठरले असते आणि संशय तसाच राहिला असता. मी खरं सांगितलं. म्हणाले, "साहेब, फाईल दर वेळी तुमच्याच हातून मोडते. मागच्या महिन्यात मी पडद्यावर होते तेव्हाही तुम्हीच मोडलीत. दुसऱ्या कोणी नाही. तुम्हाला ते नंतर आठवत नाही."

 मला वाटलं, संपलं. आता फोन आपटतील, आणि याही आवाजाला कायमचं बाहेर काढतील. मग त्यांनी घसा साफ केला.

"बाई म्हणतात तर तसंच असेल," ते म्हणाले. "घरच्या कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. या बाईंना माझ्याकडून काही नको आहे. त्या खोटं कशाला बोलतील?"

आणि त्यांनी पाळकांची माफी मागितली. बाबांनी. माफी. मी ती माझ्या कानांनी ऐकली, दुसऱ्याच्या वाट्याची. पुढच्या रविवारी पाळक व्यासपीठावर परत चढले.

फोन ठेवल्यावर घड्याळबाईंनी मला घरी जायला सांगितलं. मी गेले नाही. घरी जाऊन काय करू?

— ताई


११ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. फाटकाचं जे लिहिलंस ते वाचून मी रडले, आणि रडून झाल्यावर राग परत आला, म्हणून त्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही. तू तिकीट काढतोयस हे पुरे आहे.

मी सांगून टाकलं. पुढच्याच फोनला. फाईल ठीक करून झाली, त्यांनी आभार मानले, आणि मी म्हटलं, बाबा, मी चार नंबरची बाई नाही. मी तुमची मुलगी आहे. मी माझं नाव सांगितलं. ते घरातलं जे नाव होतं, तेही सांगितलं.

ते रागावले नाहीत. मी त्याचीच तयारी केली होती. रागावले असते तर त्याला उत्तर होतं माझ्याकडे, कित्येक वर्षांचं तयार.

ते अगदी समजुतीने म्हणाले, "बाई, तुम्ही भल्या आहात, म्हणून मी वाईट वाटून घेत नाही. पण अशी थट्टा करू नये. माझी मुलगी इतकं शांत बोलत नाही. ती भांडते."

मी भांडायला तोंड उघडलं रे. खरंच उघडलं. आईचं, फाटकाचं, व्यासपीठाचं सगळं जिभेवर होतं. पण त्यांचा श्वास ऐकू येत होता, जिना चढून आल्यासारखा, आणि ते वाट बघत होते की बाई आता काय म्हणतील. मी म्हटलं, चुकलं माझं, साहेब. ते म्हणाले, असू द्या.

मग त्यांनीच विषय काढला. पंच म्हणतात डॉक्टरांना दाखवा. बरोबर घरचं कोणी हवं. मुलगा लांब असतो. पाळकांना विचारायला तोंड नाही. तुम्ही याल का?

— ताई


९ मे

धाकट्या,

डॉक्टरांनी सांगितलं ते तुला पाळकांनी फोनवर कळवलंच आहे, मी परत लिहीत नाही. वाढत जाणार, एवढं खरं.

मी आता आठवड्यातून दोनदा जाते. पहिल्या दिवशी दार त्यांनीच उघडलं. खूप वाळलेत. सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, आपण आधी भेटलोय का? मी म्हटलं, फोनवर. ते म्हणाले, हो, बरोबर, आणि मला आत घेतलं.

आत घेतलं, धाकट्या. आईच्या खुर्चीवर बसवलं. चहा स्वतः केला, साखर घालायला विसरले, मी तसाच प्यायले. नंतर डॉक्टरांकडे गेल्यावर नर्सने विचारलं, या कोण तुमच्या, तर म्हणाले, या मदत केंद्रातल्या, यांच्यावर माझा विश्वास आहे. आता मी त्यांची बटणं लावते, औषधं काढून देते, आणि मग आम्ही दोघं भाष्य उघडून बसतो. मी वाचते, ते ऐकतात. कधी म्हणतात, हे कोणी लिहिलंय, चांगलं लिहिलंय. फाईल मी आता अशी ठेवलीय की ती वाचता येते, बदलता येत नाही. त्यांच्या ते लक्षात आलेलं नाही. क्षमेवरचा उपदेश परवा परत निघाला. या वेळी त्यांनी काही पुसायला मागितलं नाही, नुसते ऐकत राहिले, आणि मी वाचताना मध्येच थांबले तर म्हणाले, पुढे वाचा ना बाई.

तुझं कालचं पत्र मिळालं. तू एकवीस तारखेला पोचतोयस, आणि आल्याबरोबर बाबांना समोर बसवून सगळं सांगणार आहेस. पुरे झालं हे, ताई, तू घरात मुलगी म्हणूनच यायला हवंस, असं लिहिलंयस. हे वाक्य मला तुझ्याकडून जानेवारीत हवं होतं. त्याआधी कित्येक वर्षं हवं होतं. तू ते लिहिलंस, आणि मी ते जपून ठेवीन.

पण तू त्यांना सांगू नकोस.

मी खूप विचार केला. मुलगी म्हटलं की त्यांना आठवतं ते फक्त एवढंच की तिला आत घ्यायचं नाही. का ते आता त्यांना आठवत नाही, मी परवा आडून विचारून पाहिलं. कारण गेलं, पण ठराव राहिला. तू पटवलंस आणि त्यांनी खरं मानलं, तर ते मला उठून जायला सांगतील. मग बटणं कोण लावणार? आणि खरं सांगू? मलाही ती खुर्ची सोडवत नाही. मुलगी म्हणून मला तिथे कधी इतक्या मानाने कोणी बसवलं नव्हतं.

तेव्हा तू ये, मुलगा म्हणून ये, आणि मी तिथे असेन. ते आपली ओळख करून देतील, या मदत केंद्रातल्या बाई, हा माझा मुलगा. त्या वेळी ताई म्हणू नकोस. रडू नकोस. माझ्याकडे फार बघूही नकोस. अनोळखी माणसाशी वागतात तसं वाग. तुला जमेल ते, इतक्या वर्षांची सवय आहे.

— ताई